डोळ्यांत तेल

माझं काम सकाळी कुलूप काढायचं,
संध्याकाळी लावायचं,
आणि मधले आठ तास
डोळ्यांत तेल घालून बसायचं.
कुणी कशाला हात लावू नये म्हणून.

सेतुबालच्या धक्क्यावरची ही शेड
पूर्वी सार्डिनचा कारखाना होती.
उकाडा वाढला की भिंतींना अजून वास सुटतो.
प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात तो नाही.

टेल्मोने इथे मांडलीय
एक शिशाची बादली. रिकामी,
तरी दोघांना हलत नाही.
चुनखडीचा एक कंगवा, माझ्या छातीला लागेल एवढा.
आणि दाराला मेणाची मूठ.
तिला मात्र हात लावायचाच,
आत यायला दुसरी वाट नाही.
उघडल्यापासून चार दिवसांत
तिच्यावर अख्ख्या गावाची बोटं उमटली.

मधोमध सार्डिनचा डबा,
गुलाबी संगमरवराचा, जोडप्याच्या पलंगाएवढा,
अर्धा उघडलेला. झाकण किल्लीभोवती
गुंडाळत गुंडाळत आणलेलं.
दगड असा वळतो हे मला ठाऊक नव्हतं.
आत मासे नाहीत,
नुसती चकाकी.

"अमारो," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता,
"एखादी गोष्ट अंगवळणी पडली
की आपल्यापुरती ती मेलीच.
मी तिला जरा वळणाबाहेर ढकलतो, एवढंच."
माझा पगार त्याच्या खिशात होता.
मी मान डोलावली.

लिस्बनहून माणसं आली, डोक्यावर चष्मे सरकवून.
"वा" म्हणाली,
आणि तळलेलं माकूल खायला गेली.

गुरुवारी एर्मेलिंदाबाई आल्या.
पिशवीतून कांद्याची पात बाहेर लोंबत होती.
कंगव्याकडे ढुंकून पाहिलं नाही.
डब्याला तीन फेऱ्या घातल्या,
देवळात घालतात तशा नाही,
विकायला काढलेल्या गाढवाभोवती घालतात तशा.
मग पिशवी खाली ठेवली
आणि मी खुर्चीतून उठेपर्यंत
हात कडेवर होता.

ओरडायला हवं होतं मी.
पण तो हात कुरवाळत नव्हता.
तपासत होता.
पत्र्याने कापल्याच्या पांढऱ्या रेघा त्याच्यावर,
जुन्या, एकीवर एक.

"शिवण कुठाय?" त्यांनी मला विचारलं,
जणू मीच चोरली.
"एकतीस वर्षं मी इथे उभी होते,
त्या खांबाशी. शिवणी बघायचं काम.
आमच्या डब्याला इथे, कोपऱ्याच्या अलीकडे, शिवण असायची.
याला नाही.
याचं तेल गळणार."

मी टेल्मोला फोन केला.
तो आला, डब्यापाशी वाकला,
खिशातून खरा डबा काढला, नमुन्याचा,
उलटा केला, सुलटा केला,
आणि कानांपर्यंत लाल झाला.
"चौदा महिने मी हा समोर ठेवून बघतोय."
"त्यापेक्षा उघडून खाल्ला असतास,"
बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता छिन्नी मागवेल.
त्याने कानामागची पेन्सिल काढली
आणि त्यांच्यापुढे धरली.
त्यांनी आधी पदराखाली असल्यासारखा
हात ॲप्रनला पुसला,
मग रेघ ओढली.
वरून खाली, एका दमात, पट्टीशिवाय.
पिशवी उचलली. मेणाच्या मुठीशी थबकून म्हणाल्या,
"हिला जरा तेल लावा."

ती रेघ त्याने कोरली नाही.
तशीच ठेवलीय.
लोक येतात, वा म्हणतात, जातात,
त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ती असते.
सोमवारी सफाईचा पोरगा ओलं फडकं घेऊन
तिच्याकडे चालला होता,
तेव्हा मी असा ओरडलो
की धक्क्यावरचे सीगल उडाले.

आता खुर्ची मी त्या बाजूला सरकवलीय.
बादली कुणी नेली तर नेली.